पाइप कुठे गळत नाही, ते आधी पाहा

प्रश्न असा आहे. प्रभादेवीला समुद्राजवळच्या एका उंच इमारतीत तळघरातल्या पंपापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची लाइन टाकलेली आहे. ताबा मिळून दोन वर्षे होण्याच्या आतच वेल्डिंगच्या सांध्यांजवळ टाचणीने पाडावीत तशी बारीक भोके पडून ती गळू लागली. कंत्राटदार खाऱ्या हवेला दोष देतो, पाइपचा विक्रेता पाण्याला, आणि एका सल्लागाराने पाण्यात जिवाणू सापडल्याचा अहवाल दिला आहे. खरे कारण कसे शोधावे, कोणत्या चाचण्या कराव्यात आणि त्यांवर कितपत विसंबावे, असे सोसायटीच्या सचिवांनी विचारले आहे.

सचिवसाहेब, तिघांपैकी कोण खरे बोलतो हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, कारण तिघांनीही एकाच प्रकारचे उत्तर दिले आहे. खारी हवा पाइपच्या संपूर्ण बाहेरच्या अंगाला लागते, पाणी तळघरापासून गच्चीपर्यंत तेच वाहते आणि जिवाणू त्या पाण्यात सगळीकडेच असतात. भोके मात्र वेल्डिंगपाशीच आहेत. जी गोष्ट सर्वत्र सारखी आहे, ती एकटी एकाच जागच्या नुकसानीचे कारण असू शकत नाही. तिच्या जोडीला त्या जागेपुरती वेगळी अशी दुसरी काहीतरी गोष्ट असलीच पाहिजे. गंजाचा तपास म्हणजे मुख्यतः या वेगळेपणाचा शोध, आणि म्हणून जिथे गळते तिथल्या तुकड्याइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, उपयोगी पडतो तो शेजारचा न गळणारा तुकडा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक नमुन्यांत हा दुसरा तुकडा नसतो, आणि तो मागवेपर्यंत लाइन भंगारात गेलेली असते.

पहिली गोष्ट तुम्हाला प्रयोगशाळेशिवाय करता येईल, ती म्हणजे कागदावर इमारतीचा उभा नकाशा काढून प्रत्येक गळती त्यावर मांडणे. कोणत्या मजल्यावर, आडव्या भागात की उभ्या भागात, सांध्यापासून किती अंतरावर, पाइपच्या तळाला की माथ्याला, आणि कोणत्या महिन्यात हे सारे नोंदवा. आडव्या पाइपात सगळी भोके तळाला असतील, तर तळाशी साचलेल्या गाळाखालचा गंज आधी तपासावा. ती अर्ध्या उंचीच्या रेषेवर असतील, तर पाइप दीर्घकाळ अर्धवट भरलेला राहिला असावा. चारही बाजूंनी विखुरलेली असतील, तर पाणी किंवा धातूच्या दर्जाकडे बोट जाते. पंपापासून ठरावीक मजल्यापर्यंतच गळती असेल, तर तिथवरचे काम एका वेल्डरने आणि पुढचे दुसऱ्याने केले होते काय, किंवा मधेच पाइपची खेप बदलली काय, हे बिलांवरून आणि कामाच्या नोंदींवरून पाहावे.

दुसरा कागद तारखांचा. लाइन केव्हा टाकली, दाबचाचणी केव्हा झाली, चाचणीला पाणी कुठले वापरले आणि ते पाणी नंतर लाइनमध्ये किती काळ पडून होते? मुंबईत हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. बांधकामाच्या काळात चाचणीसाठी सहसा टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी वापरतात. चाचणी झाली की पाणी काढून लाइन वाळवण्याचे कष्ट कोणी घेत नाही, आणि मग ओसी, म्हणजे इमारत वापरण्याचा पालिकेचा दाखला, रखडली की तेच पाणी महिनोन्‌महिने पाइपात साचून राहते. पालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येते. ते साठवलेले पावसाचे पाणी असल्याने त्यात क्लोराइड, म्हणजे मिठातला स्टेनलेसला बाधणारा घटक, सहसा कमीच असते. किनाऱ्यालगतच्या बोअरवेलचे पाणी तसे नसते. थंड पाण्यासाठी ३०४ ग्रेडला साधारण २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि ३१६ ग्रेडला साधारण १००० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोराइडपर्यंत सुरक्षित धरण्याचा व्यवहार आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० आणि पर्यायी स्रोत नसल्यास १००० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. याचा अर्थ असा की ‘पाणी पिण्यायोग्य आहे’ हा दाखला ३०४ च्या पाइपाला पुरेसा नाही, आणि आज नळातून घेतलेल्या पाण्याचा नमुना दोन वर्षांपूर्वीच्या साचलेल्या पाण्याविषयी काहीच सांगत नाही. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइड सढळ हाताने टाकले जाते काय, हेही विचारा. मोकळे क्लोरीन सतत २ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर राहिले तर ३०४ ला ते मानवत नाही.

आता तुकडा कापण्याविषयी, कारण निम्मा पुरावा इथेच नष्ट होतो. गॅस कटरने कापू नये. उष्णतेने वेल्डजवळचा रंग आणि धातूची घडण दोन्ही बदलतात. कापताना तेल किंवा पाणी न वापरता हॅकसॉने, भोकापासून दोन्ही बाजूंना निदान वीतभर अंतर सोडून कापावे. कापण्यापूर्वी पाइपवर मार्करने प्रवाहाची दिशा आणि वरची बाजू दाखवावी व शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्रे घ्यावीत. आतला गाळ खरवडू नये, तारेच्या ब्रशने तर मुळीच घासू नये, उघड्या हाताने आतल्या अंगाला स्पर्श करू नये, कारण घामातले क्लोराइड नंतर अहवालात ‘सापडते’. पाइप उघडताच बाहेर येणारे पाणी आणि ओला गाळ स्वच्छ बाटल्यांत भरावा. जिवाणूंची तपासणी करायची असेल तर तो बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावा. उरलेला तुकडा कोरडा करून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवावा. हे सर्व कंत्राटदार आणि विक्रेता या दोघांच्या समक्ष करून सह्यांचा पंचनामा करावा, आणि प्रत्येक तुकड्याचा एक भाग न तपासता सीलबंद राखावा. वाद पुढे गेला तर तोच भाग कामी येतो.

तुकडा हातात आला की सर्वांत आधी ठरवायचे ते हे की भोक आतून पडले की बाहेरून. तुकडा लांबीत उभा चिरून भिंगाखाली पाहिला की हे बहुधा लगेच कळते, कारण खड्ड्याचा रुंद भाग गंज जिथून सुरू झाला त्या बाजूला असतो. तो आतल्या बाजूला असेल, तर खाऱ्या हवेचा विषय तिथेच संपतो. प्रभादेवीच्या हवेत मीठ आहे हे खरे, आणि मेपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा वारा ते भरपूर आणतो. पण बाहेरच्या स्टेनलेस पृष्ठभागावर त्याचा परिणाम बहुधा तपकिरी डागांच्या रूपाने दिसतो. त्यातही पावसाने धुतली जाणारी बाजू चांगली राहते आणि छज्जाखालची, पाऊस न पोचणारी बाजू अधिक डागाळते. तुमच्या रेलिंगवर हे ताडून पाहता येईल.

थोडा हिशेबही करावा. दोन इंची शेड्यूल १० (जाडीची एक प्रमाणित श्रेणी) पाइपची जाडी २.७७ मिलिमीटर असते. ती दोन वर्षांत आरपार गेली म्हणजे वर्षाला सुमारे १.४ मिलिमीटर. साधे कार्बन स्टील समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवले तरी त्याची सरासरी झीज वर्षाला मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच असते. तेव्हा तुमच्याकडे घडले ते सर्वांगीण गंजणे नव्हे, तर खड्ड्यांचा गंज आहे: बारीकशा जागेवर संरक्षक थर फुटला, भोवतालचा मोठा निरोगी पृष्ठभाग कॅथोड, म्हणजे विद्युत-रासायनिक विक्रियेतली न झिजणारी बाजू, झाला आणि साऱ्या विक्रियेचा भार त्या बिंदूवर पडला. स्टेनलेस स्टीलचे ‘स्टेनलेसपण’ क्रोमियम ऑक्साइडच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरावर अवलंबून असल्याने, तो थर तिथेच का फुटला हा आता खरा प्रश्न उरतो.

वेल्डपाशी तो फुटण्याची कारणे मोजकी आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी काढता येतात. माझा पहिला संशय उष्णतेच्या रंगावर असतो. पाइपच्या आत आरगॉन वायू न भरता बाहेरून वेल्डिंग केले, तर आतल्या अंगाला पिवळ्यापासून निळ्या-काळ्यापर्यंत रंगाचे पट्टे उमटतात, कधी मुळाशी धातू खरबरीत होऊन फुलतो. त्या रंगीत थराखाली क्रोमियम कमी झालेले असते, आणि शेजारच्या चकचकीत भागाचे काहीही न बिघडवणाऱ्या क्लोराइडनेही तिथे गंज सुरू होतो. बाहेरचे वेल्ड नायट्रिक-हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या पेस्टने चकचकीत केलेले असते, म्हणून पाहणी करणाऱ्याचे समाधान होते. आत कोणी पाहिलेले नसते. भोके या रंगीत पट्ट्यात असतील आणि पट्टा नसलेल्या वेल्डपाशी ती नसतील, तर तुम्हाला हवे ते वेगळेपण सापडले.

दुसरी शक्यता ‘सेन्सिटायझेशन’ची, म्हणजे साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात कार्बन आणि क्रोमियम यांचे संयुग धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमांवर जमून त्या सीमा दुबळ्या होण्याची. पाठ्यपुस्तकांत हे कारण ठळक असल्यामुळे ते अहवालांतही फार लवकर लिहिले जाते. परंतु पातळ भिंतीच्या पाइपावर वेल्डिंग झटपट होते, थंडही लवकर होते, आणि आजच्या ३०४ मध्ये कार्बन बहुधा बेताचाच असतो. तेव्हा हे कारण मान्य करण्यापूर्वी एएसटीएम ए२६२ मधली ऑक्झॅलिक आम्लाची चाचणी करून कणांच्या सीमांभोवती खरोखरच चर पडतात काय ते पाहावे. चर नसतील तर हा विषय सोडून द्यावा.

तिसरी शक्यता मालाच्या दर्जाची. बाजारात ३०४ च्या नावाने २०१ किंवा २०२ ग्रेड विकला जातो, ज्यात निकेलऐवजी मोठ्या प्रमाणात मँगनीज असते. लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत इथे निरुपयोगी आहे, कारण दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने क्रोमियम, निकेल, मँगनीज, मॉलिब्डेनम काही सेकंदांत कळतात. पण ते यंत्र कार्बन मोजत नाही, म्हणून ३०४ आणि कमी कार्बनचा ३०४एल यांतला फरक त्याने ठरवता येत नाही. त्यासाठी स्पार्क स्पेक्ट्रोमीटर लागतो. मोजणी पाइपवर, कोपरांवर आणि वेल्डच्या धातूवर अशी तिन्ही ठिकाणी वेगवेगळी घ्यावी. पाइप अस्सल आणि कोपर स्वस्तातला, असे प्रकार सर्रास होतात.

आणि चौथे, जिवाणू. सल्लागारांचा अहवाल खोटा आहे असे मी म्हणत नाही. मात्र साचलेल्या कोणत्याही पाण्यात जिवाणू सापडतात, तेव्हा केवळ त्यांची संख्या सांगून गुन्हा शाबीत होत नाही. जिवाणूंनी घडवलेला गंज मानायचा तर तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: वेल्डवर लोह-मँगनीजयुक्त तपकिरी गाठ, तिच्याखाली आतून पोखरलेला आणि बारीक तोंडाचा खड्डा, आणि गाळात सल्फाइडसारखी रासायनिक खूण. काळ्या गाळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला असता सडक्या अंड्याचा वास आला आणि वर धरलेला लेड अॅसिटेटचा कागद काळा पडला, तर सल्फाइड आहे. यातले एकही नसेल आणि फक्त संख्या असेल, तर तो पाण्याचा अहवाल झाला, पाइपचा नव्हे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि त्याला जोडलेले ईडीएस हे मूलद्रव्य ओळखणारे उपकरण यांचे रंगीत आलेख अहवालात फार रुबाबदार दिसतात, म्हणून एक इशारा देतो. ईडीएस मूलद्रव्य सांगते, संयुग नाही. गंधक दिसले तर ते सल्फाइड की सल्फेट हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी एक्सआरडी, म्हणजे संयुग ओळखणारी क्ष-किरणांची चाचणी, किंवा वरची थेंबाची चाचणी हवी. क्लोरीन खड्ड्यात दिसले तर ते गंजाचे कारण असेल, किंवा पाणी वाळताना मागे राहिलेले मीठ असेल. म्हणून खड्ड्यातली आणि चांगल्या भागावरची मोजणी शेजारी शेजारी ठेवून मागावी. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, चाचणीवार असते. तुमच्या चाचण्या त्या यादीत आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.

मुंबईत आणखी काही कारणे वारंवार भेटतात, त्यांचा तुमच्या प्रकरणाशी संबंध नसला तरी ती वगळूनच पुढे जावे लागते. नव्या घरात फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला कामगार आम्ल वापरतात. त्याची वाफ बंद न्हाणीघरात कोंडते आणि आठवड्याभरात नवे नळ, बिजागऱ्या, टॉवेलच्या दांड्या डागाळतात. अशा वेळी सगळा दोष विक्रेत्याच्या माथी मारला जातो. शेजारी साध्या लोखंडाचे ग्राइंडिंग चालू असेल तर ठिणग्यांतले लोहकण स्टेनलेसवर चिकटून गंजाचे ठिपके उठतात. पोटॅशियम फेरीसायनाइड आणि नायट्रिक आम्लाच्या द्रावणाने ती जागा निळी झाली की मोकळे लोह असल्याचे सिद्ध होते. रेल्वेच्या विजेला दोष देणारेही भेटतात. उपनगरी गाड्या ३ फेब्रुवारी १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर धावत होत्या आणि रुळांलगतच्या जमिनीखालच्या जुन्या नळांबाबत रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या भटक्या विद्युतप्रवाहाचा विचार करावाच लागतो. पण २०१६ मध्ये हार्बर मार्गही २५ किलोव्होल्ट एसीवर गेला, आणि नव्या इमारतीच्या आतल्या लाइनीला हे कारण लावणे म्हणजे तपास टाळणे होय.

उंच इमारतींत पोहण्याचा तलाव असतो, त्याचे छत टांगून धरणाऱ्या स्टेनलेस सळ्यांकडे मात्र आवर्जून लक्ष द्या. ताणामुळे होणारा क्लोराइडचा भेगाळ गंज ३०४ ला सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या खाली होत नाही, असे आम्ही सर्वजण शिकलो. ९ मे १९८५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या उस्टर येथे जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण दगावले, ते नेमक्या अशाच सळ्या साध्या खोलीच्या तापमानात भेगाळल्यामुळे. छताखाली साचणारी क्लोरीनयुक्त संयुगे तिथे धुतली जात नाहीत आणि वाळून वाळून तीव्र होत जातात. तुमच्या तलावाचे छत टांगलेले असेल तर पाइपच्या आधी ते तपासा.

हीच विचारपद्धती धातूपलीकडेही लागू पडते. आरसीसीतली सळई गंजून प्लास्टरचे पोपडे पडू लागले की ‘समुद्राची हवा’ म्हणून विषय मिटवला जातो. तिथे क्लोराइड बाहेरून शिरले की मुळात मिश्रणातच होते, हे ठरवायला ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून तपासतात. पृष्ठभागापाशी जास्त आणि आत उतरत जाणारे प्रमाण दिसले तर ते बाहेरून आले. वरपासून आतपर्यंत सर्व थरांत जवळपास सारखे दिसले तर वाळू, पाणी किंवा मिश्रणातल्या रसायनातून. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, आरसीसीत क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त नसावे. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थेलिन फवारले आणि सळईपर्यंतचे काँक्रीट गुलाबी न होता तसेच राहिले, तर कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची अल्कता कमी होणे, सळईपर्यंत पोचले आहे. हाफ-सेल चाचणीत, म्हणजे सळईचे विद्युत विभव मोजण्याच्या चाचणीत, उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक उणे आकडे आले तर गंजाची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. मात्र ही शक्यता आहे, वेग नाही, आणि इपॉक्सी लावलेल्या सळ्यांवर ती चाचणी चालत नाही. तीस वर्षांवरील इमारतींना मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक असल्याने असे आकडे बहुतेक सोसायट्यांच्या फायलींत असतात, पण ते मजल्यांच्या नकाशावर मांडून पाहिलेले क्वचितच आढळतात. पितळेच्या बाबतीत अमोनिया पाहावा: ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात तडकत असत, आणि तबेल्यांतला अमोनिया, दमट हवा व धातूत उरलेला ताण हे त्याचे कारण ठरले. सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप तडकला तर त्याला कोणते तेल, ग्रीस किंवा सांध्याचे मलम लागले होते ते पाहावे. तिथे गंज नसतो, तडा मात्र रसायन आणि ताण यांच्या संगनमतानेच जातो.

आता तुमच्या लाइनीकडे परत. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून माझा कल वेल्डच्या आतल्या उष्णतेच्या रंगाकडे आणि चाचणीचे खारट पाणी लाइनमध्ये साचून राहण्याकडे आहे. दोन्ही एकत्र असण्याचा संभव अधिक. पण हा अंदाज आहे, निष्कर्ष नव्हे, आणि तो मोडण्याची सोय तपासातच ठेवा: गळणारे दोन वेल्ड, न गळणारे दोन वेल्ड आणि वेल्डपासून दूरचा साधा पाइप, असे तुकडे द्या आणि प्रत्येकावर सारख्याच चाचण्या मागा. न गळणाऱ्या वेल्डवरही तसाच रंग निघाला आणि खड्डे नसले, तर माझा अंदाज अपुरा आहे आणि त्या दोन जागांच्या पाण्यात किंवा गाळात काय फरक होता ते शोधावे लागेल. अहवाल लिहिणाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरे लिखित द्यायला सांगा: इथेच का, आताच का, आणि शेजारी का नाही. तिसऱ्याचे उत्तर नसलेला अहवाल स्वीकारू नका.

दरम्यान गळतीवर क्लॅम्प बसवून काम भागवायला हरकत नाही, पण भोकावर बाहेरून पुन्हा वेल्डिंग करून घेऊ नका. आतला खराब पट्टा त्याने आणखी रुंद होतो. बाकीच्या वेल्डची अवस्था पाहायला कॅमेऱ्याची नळी, म्हणजे बोरस्कोप, कापलेल्या टोकांतून आत सोडता येते, आणि संशयित सांध्यांचे रेडिओग्राफ (क्ष-किरणांसारखी छायाचित्रे) काढले तर भिंतीतले पोकळ खड्डे भोक पडण्याआधीच दिसतात. लाइन बदलण्याची वेळ आलीच, तर आत आरगॉन भरून वेल्डिंग, आतल्या अंगाचे पिकलिंग (आम्लाने रंगीत थर काढणे), प्रत्येक खेपेची एक्सआरएफ नोंद आणि चाचणीनंतर ठरावीक दिवसांत पाणी काढून लाइन कोरडी करणे किंवा पालिकेच्या पाण्याचा नियमित प्रवाह चालू ठेवणे, या अटी निविदेतच लिहून घ्याव्यात आणि शेवटचे बिल त्यांच्या नोंदी पाहिल्याशिवाय अदा करू नये.